लाईट गेल्यावरची पंधरा मिनिटं

"ताई, सहाशेचा यूपीएस किती वेळ चालतो?" दुकानाची पायरी चढता चढताच गिऱ्हाईक विचारतं. मी उत्तर देत नाही, उलट विचारते, "लाईट गेल्यावर तुम्हाला करायचंय काय?" माणूस जरा गोंधळतो. पण सगळी खरेदी या एका प्रश्नावर ठरते. हातातलं काम सेव्ह करून कॉम्प्युटर नीट बंद करायचा असेल तर पाच मिनिटं पुरतात आणि साधा यूपीएस बास होतो. लाईट नसतानाही दोन तास धंदा चालवायचा असेल तर तिथे मोठ्या बॅटरीचा इन्व्हर्टर लागतो. पहिल्याचे पैसे देऊन दुसऱ्याची अपेक्षा धरली की भांडण होतं, आणि ते माझ्याच काउंटरवर होतं.

मी बार्शीत यूपीएस, इन्व्हर्टर आणि स्टॅबिलायझर दुरुस्तीचं दुकान चालवते. आयटीआयतून इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा ट्रेड करून बाहेर पडले तो काळ लोडशेडिंगचा. जून २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण झालं. त्यानंतरची काही वर्षं आमच्या भागातल्या खेड्यांत दिवसाचे कित्येक तास लाईट नसायची. वेळापत्रक ठरलेलं असायचं. दळण, मोटार, पोरांचा अभ्यास, सगळं त्यावर चालायचं. त्या दिवसांत इन्व्हर्टर धडाधड खपले. आता लाईट तेवढी जात नाही, पण झपकन जाते आणि दोन मिनिटांत परत येते. वारं सुटलं, फिडर ट्रिप झाला, डीपीचा फ्यूज उडाला, कारण काहीही असो. माणसाला याचं काही वाटत नाही, पंखा थांबतो आणि पुन्हा फिरायला लागतो. फटका बसतो मशीनला. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एंट्री अर्धवट लिहिली गेली आणि त्याच क्षणी वीज गेली, तर सगळी फाइलच उघडत नाही. मार्चअखेरीला असा माणूस दुकानात आला की त्याच्या चेहऱ्यावरूनच कळतं.

मोठ्या शहरातल्या लोकांना हे गावाकडचं दुखणं वाटायचं. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हा घरून काम करणाऱ्या आमच्या मुंबईतल्या नातेवाइकांचेही फोन आले, की घरी काय बसवून घ्यावं?

आता खरेदीकडे येते. खोक्यावर मोठ्या आकड्यात ६०० छापलेलं असतं. ते व्हीए. यूपीएस उलटा करून मागचं स्टिकर वाचा, तिथे बारीक अक्षरांत ३६० वॉट असं काहीतरी सापडेल. तुमच्या कामाचा आकडा हा दुसरा. ऊस काट्यावर किती भरला आणि त्यातून साखर किती उतरली, यात जितका फरक तितकाच इथे. हजार व्हीएच्या यूपीएसवरही बऱ्याचदा ६०० वॉटच असतात. साधा कॉम्प्युटर आणि एलईडी मॉनिटर मिळून साधारण १०० ते १५० वॉट खातात. म्हणजे घरातल्या एका कॉम्प्युटरला ६०० व्हीए पुरतो. दुकानदार जास्त मोठा गळ्यात मारत असेल तर वॉटचा हिशेब मागा. आणि ग्राफिक्स कार्ड घातलेला, पोरांचा गेम खेळायचा कॉम्प्युटर असेल तर तोच हिशेब उलट्या बाजूने करा. ती मशीन एकटीच ३०० वॉटच्या वर जाऊ शकते.

वेळेचं गणित बॅटरीवर असतं. सहाशेच्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची एक काळी ठोकळ्यासारखी बॅटरी असते. बारा सत्ते चौऱ्याऐंशी, म्हणजे कागदावर ८४ वॉट-तास. पण हा आकडा बॅटरी वीस तासांत हळूहळू रिकामी केली तरचा आहे. पंधरा मिनिटांत ओरबाडून घ्यायला गेलात तर जेमतेम निम्मं हाती लागतं, त्यातलंही थोडं डीसीचं एसी करताना उष्णतेत जातं. म्हणून नव्या बॅटरीवर १२० वॉटचा कॉम्प्युटर पंधरा-सतरा मिनिटं ओढतो. लोड दुप्पट केला की वेळ निम्म्याहूनही कमी होतो. दोन वर्षं जुन्या बॅटरीचं तर बोलूच नये.

प्रकार म्हणाल तर तीन. ऑफलाइन यूपीएस लाईट असेपर्यंत भिंतीतली वीज जशीच्या तशी पुढे सोडतो आणि गेली की बॅटरीवर उडी मारतो. बाजारात आज घरगुती म्हणून मिळतो तो बहुतेक लाइन-इंटरॅक्टिव्ह. त्याच्या पोटात छोटा स्टॅबिलायझरही असतो. शेतीपंप सुरू झाले, व्होल्टेज १८० वर आलं, की आत टक्‌ असा रिलेचा आवाज येतो आणि तो बॅटरीला हात न लावता व्होल्टेज वर उचलतो. आमच्या तालुक्यात याच्याखालचं काही घेऊ नये. ऑफलाइनवाला डिम लाईटला दर वेळी बॅटरीवर जातो आणि ती अकाली मारतो. तिसरा ऑनलाइन. तो येणारी वीज सतत डीसी करतो आणि परत एसी करून देतो, त्यामुळे लाईट गेल्याचं पुढच्या मशीनला कळतच नाही. पॅथॉलॉजी लॅबमधला सेल काउंटर, दवाखान्यातली यंत्रं, पतसंस्थेचा सर्व्हर यांना तोच हवा. मात्र तो पंख्याचा आवाज करतो, तापतो, आणि दहा-पंधरा टक्के वीज स्वतःच खातो. बेडरूममध्ये ठेवलात तर झोपायचे वांधे.

गिऱ्हाइकाला एक शंका हमखास असते. "उडी मारायला वेळ लागतो, तेवढ्यात कॉम्प्युटर बंद नाही पडणार?" चांगल्या यूपीएसला चार ते दहा मिलिसेकंद लागतात. आपल्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. कॉम्प्युटरचा एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा, चांगला असेल तर एवढा काळ तो स्वतःच्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर तग धरतो. पण त्याचे कपॅसिटर वाळले असतील तर धरत नाही. म्हणून कित्येकदा यूपीएस ठणठणीत असतो आणि तरी लाईट गेली की मशीन रिस्टार्ट होते. लोक यूपीएस बदलतात, नवाही तसाच वागतो, मग कंपनीला शिव्या. आधी तोच कॉम्प्युटर दुसऱ्या कुणाच्या यूपीएसवर लावून बघा. तिथेही रिस्टार्ट झाला तर दोष एसएमपीएसचा.

वैरागकडच्या एका गावातलं दूध संकलन केंद्र सांगते. सकाळी सहाला रांग लागते. टेबलावर इलेक्ट्रॉनिक काटा, फॅट आणि एसएनएफ काढणारं मिल्क अॅनालायझर, कॉम्प्युटर आणि पावती छापायचा प्रिंटर. लाईट गेली की सगळं बंद, आणि अॅनालायझर सॅम्पलच्या मधेच थांबला की पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदा फॅट एका पॉइंटनेही वेगळं आलं की शेतकरी म्हणणारच, "मघाशी तर जास्त दाखवत होतं." लिटरमागे पैसे त्यावर ठरतात, त्याचा संशय चूक कसा म्हणायचा?

यूपीएस टेबलाखाली, दुधाच्या कॅनला टेकून ठेवलेला. वरून एक्स्टेंशन बोर्ड काढलेला आणि त्यावर काटा, अॅनालायझर, दूध ढवळायची मोटार, कॉम्प्युटर, प्रिंटर आणि शेवटच्या पॉइंटला टेबल फॅन. मी यूपीएस उघडला. आत दुधाळ धुळीचा थर, बोर्डवर वाळलेली पाल. बॅटरी दोन्ही बाजूंनी फुगलेली, इतकी की खाचेतून निघेना. स्क्रू काढून पत्रा वाकवावा लागला. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरल्यासारखी पूड. मल्टिमीटर लावला तर १३ व्होल्ट! केंद्रावरचा पोरगा लगेच म्हणाला, "अक्का, फुल आहे की." मग मी मोटारीच्या हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब तिला जोडला. आकडा बघता बघता नऊवर आला आणि बल्ब विस्तवासारखा लाल होऊन विझला.

बॅटरी तपासायची हीच खरी रीत. नुसतं व्होल्टेज बघून बॅटरीचं काही कळत नाही, लोड देऊन बघावं लागतं. सात अँपिअरची चांगली, पूर्ण चार्ज झालेली बॅटरी असा बल्ब पाच मिनिटं पेटवूनही बाराच्या आसपास राहते. दहाच्या खाली घसरली की तिचं आयुष्य संपलं, तिला कितीही चार्ज करा. त्या केंद्रात नवी बॅटरी घातली, फॅन आणि ढवळायची मोटार भिंतीतल्या पॉइंटवर हलवली, यूपीएस कॅनपासून लांब स्टुलावर ठेवला. अॅनालायझरच्या मागे १२ व्होल्ट डीसीचं सॉकेट होतंच, त्याला वेगळी बॅटरी जोडून दिली. अशी सोय बऱ्याच अॅनालायझरना असते. कंपनीचा माणूस दाखवून जातो आणि केंद्रवाला विसरून जातो.

यूपीएसवर काय लावू नये हे यावरून निघतंच. मोटार असलेलं किंवा तापणारं काहीही नको. पंखा, मिक्सर, इस्त्री, पाण्याची मोटार तर नकोच, पण लेझर प्रिंटरही नको. तो शाई कागदावर भाजून चिकटवतो, त्यासाठी आतला रोलर तापवताना क्षणभर कित्येक शे वॉट ओढतो आणि यूपीएस ओव्हरलोडची शिट्टी मारून सगळंच बंद करतो. सातबारा आणि दाखले छापून देणाऱ्या सेवा केंद्रांत हा घोळ नेहमीचा. प्रिंट पुन्हा काढता येते, भरलेला फॉर्म गेला की पुन्हा भरावा लागतो. म्हणून कॉम्प्युटर यूपीएसवर आणि प्रिंटर भिंतीवर.

लॅपटॉप असेल तर यूपीएस घेऊच नका. त्याच्या पोटात बॅटरी आहेच. लाईट गेल्यावर बंद पडतं ते वायफाय, आणि त्यासाठी राउटरपुरता छोटा डीसी यूपीएस मिळतो, वहीएवढ्या आकाराचा, आत लिथियमचे सेल. राउटर बहुधा १२ व्होल्ट डीसीवरच चालतो. त्याच्यासाठी सहाशेचा यूपीएस लावायचा म्हणजे बॅटरीच्या डीसीचं २३० व्होल्ट एसी करायचं आणि अडॅप्टरने ते परत १२ व्होल्टवर आणायचं. दोन्हीकडे नुकसान. राउटरच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट १ अँपिअर लिहिलंय की २ अँपिअर ते बघून तसाच डीसी यूपीएस घ्या, दोन-तीन तास आरामात जातात. फायबर कनेक्शनमध्ये वाटेतल्या स्प्लिटरना वीज लागत नाही, त्यामुळे केबलवाल्याच्या मुख्य ठिकाणी बॅकअप असेल तर गल्लीत अंधार असतानाही नेट चालू राहतं. त्याच्याकडेच बॅकअप नसेल तर तुमचं डबडं काय करणार? आधी त्याला विचारा.

ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे त्यांनी त्याच्या मागे वाकून बघावं. तिथे एक छोटा स्विच असतो, एकीकडे यूपीएस आणि दुसरीकडे नॉर्मल किंवा इको. इकोवर तो १०० व्होल्टपर्यंतची डिम लाईटही चालवून घेतो, पण बॅटरीवर जायला जास्त वेळ घेतो, तेवढ्यात कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो. स्विच यूपीएसकडे केला की तो चपळ होतो. एवढ्या कामासाठी लोक वेगळा यूपीएस विकत घेऊन जातात आणि विकणारा गप्प बसतो. तुमच्याकडे लाईट फारच डिम असेल तर मात्र इन्व्हर्टर वारंवार बॅटरीवर जाईल, तेव्हा आपल्या गल्लीचं व्होल्टेज बघून ठरवा.

उष्णता. बार्शीत एप्रिल-मे म्हणजे चाळीसच्या वर, आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. या शिशाच्या बॅटऱ्यांचं आयुष्य कंपनी २५ अंशांवर धरून सांगते. त्याच्या वर दर आठ-दहा अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं. बॅटरी तीन ते पाच वर्षं जाईल असं पुस्तकात असतं, आमच्याकडे दोन वर्षांत बदलायची तयारी ठेवावी. कापडी कव्हर घालून, कपाटात कोंबून, फ्रीजच्या मागे ठेवून लोक स्वतःच्या हाताने तो काळ आणखी कमी करतात. यूपीएसच्या चारी बाजूंना वीतभर मोकळी जागा हवी, खिडकीतलं ऊन नको, जमिनीवर नको. सहा महिन्यांतून एकदा ब्लोअरने धूळ उडवली की पुष्कळ झालं. खोका मात्र स्वतः उघडू नका. प्लग काढलेला असला तरी आत बॅटरी जिवंत असते आणि कपॅसिटरमध्ये झटका देण्याइतकी वीज साठलेली असते.

शाळांचं दुखणं वेगळंच. मे महिन्याच्या सुट्टीत कॉम्प्युटर रूमचा मेन स्विच पाडून कुलूप लावतात. बॅटऱ्या आपोआप हळूहळू उतरत जातात, उतरलेल्या अवस्थेत उन्हाळ्यात पडून राहिल्या की आतल्या प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे खडे धरतात, ते मग चार्जिंगने सुटत नाहीत. जूनमध्ये मुख्याध्यापकांचा निरोप येतो, "मॅडम, सगळेच यूपीएस एकदम कसे गेले?" उपाय फुकटचा आहे. सुट्टी लागण्याआधी पूर्ण चार्ज करायचे, आणि शिपाईमामांनी महिन्यातून एक दिवस येऊन मेन चालू ठेवायचा. वळवाच्या पावसात विजा कडाडत असतील त्या दिवशी नको.

घरच्या यूपीएसची परीक्षाही महिन्यातून एकदा घ्यावी. काम सेव्ह करा आणि भिंतीवरचं बटण बंद करा. प्लग उपटू नका, त्याने अर्थिंगही तुटतं. किती मिनिटं चालतो ते बघा. तुमचा कॉम्प्युटर बंद व्हायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट तरी मिळालाच पाहिजे. मिळत नसेल तर बॅटरी बदला, ती यूपीएसच्या किमतीच्या साधारण तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात येते. दोन किंवा तीन बॅटऱ्यांचा यूपीएस असेल तर सगळ्या एकदम बदला. एक नवी आणि एक जुनी जोडली की जुनी नवीलाही घेऊन बुडते. काही यूपीएसना यूएसबीची वायर येते, ती कॉम्प्युटरला जोडली की बॅटरी उतरत आल्यावर तो स्वतःहून बंद होतो. रात्रीतून काम चालणाऱ्या ठिकाणी ही वायर फार मोलाची. माझ्याकडे येणाऱ्या खोक्यांत ती बहुधा प्लास्टिकच्या पिशवीत न उघडता पडलेली असते.

आणि तो आवाज! "ताई, तेवढं चूं चूं बंद करून द्या, डोकं उठतं." मी देत नाही. थांबून थांबून वाजला तर बॅटरीवर आहे, भरभर वाजला तर बॅटरी संपत आली, सलग किंचाळला तर ओव्हरलोड किंवा बिघाड. बहुतेक कंपन्यांत हाच क्रम असतो. बझर कापला की यूपीएस मेलेला आहे हे तुम्हाला थेट काम गेल्यावरच कळणार.

काही जण एक शक्कल घेऊन येतात, आणि सगळ्यांत जास्त भीती मला तिचीच वाटते. छोट्या यूपीएसची बॅटरी काढायची आणि तिच्या जागी वायरी बाहेर काढून मोटारीची मोठी बॅटरी लावायची, म्हणजे दोन तास चालेल. चालतो, पण सहाशेचा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं काम करायला बनवलेला असतो. त्याचा ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक तेवढ्याच उष्णतेच्या मापाचे. दोन तास ओढला की तो भाजतो, प्लास्टिक वितळतं, आणि रात्री कुणी जवळ नसेल तर पुढचं सांगायला नको. शिवाय त्याचा चार्जर एखाद्या अँपिअरचा, मोठी बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही. लिथियमची बॅटरी आणून घालणारेही आता येऊ लागलेत. पूर्ण लोडवर सहाशेचा यूपीएस बॅटरीतून पस्तीस-चाळीस अँपिअर खेचतो, आणि छोट्या लिथियम पॅकचं संरक्षण सर्किट त्याच्या कितीतरी आधी पुरवठा तोडून टाकतं. लिथियम वाईट नाही, ती जास्त वर्षं टिकते. पण ज्या यूपीएसवर किंवा इन्व्हर्टरवर कंपनीनेच लिथियम लिहिलंय, तिथेच घ्या.

घरात रुग्णासाठी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल तर यूपीएसच्या भरवशावर राहू नका. पाच लिटरचं यंत्र साधारण ३०० ते ३५० वॉट खातं आणि आतला कॉम्प्रेसर सुरू होताना त्याहून जास्त. त्याला साइन वेव्हचा दणकट इन्व्हर्टर लागतो, आणि कोपऱ्यात भरलेला सिलिंडर तर असलाच पाहिजे.

इन्व्हर्टरच्या मोठ्या ट्युब्युलर बॅटरीची निगा थोडी वेगळी, तिला पाणी लागतं. डिस्टिल्ड वॉटर, आरओचं नाही, पावसाचं नाही. फ्लोटच्या खुणेपर्यंत, वर नाही, आणि शक्यतो चार्जिंग पूर्ण झाल्यावर. टर्मिनल पुसून त्यावर पेट्रोलियम जेली लावा. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून खोली हवेशीर हवी. खंडेनवमीला लोक श्रद्धेने बॅटरीला हळदकुंकू वाहतात, त्याला माझी ना नाही, माझ्या दुकानातही सोल्डरिंग गनची पूजा होते. पण झेंडू जाळीच्या भोकांवर ठेवू नका आणि पेटती निरांजन तर बॅटरीच्या डोक्यावर मुळीच नको. मी ती उचलून बाजूला ठेवलेली आहे, घरातल्या आजींचा रोष पत्करून. १५० अँपिअर-तासांच्या नव्या बॅटरीवर ३०० वॉट लोड तीन-चार तास जातो. साधा पंखा ७५ वॉट घेतो आणि बीएलडीसीचा तीसच्या आसपास. बॅटरी मोठी घेण्याआधी पंखे बदलून बघा, बऱ्याच घरांत तेवढ्यानेच भागतं.

अर्थिंगकडे कुणी बघत नाही. व्होल्टेजचा झटका जिरवायला जे भाग यूपीएसमध्ये घातलेत, त्यांना तो झटका जमिनीत सोडायची वाट लागते. तीन पिनांच्या प्लगची वरची पिन तोडून दोन पिनांच्या बोर्डात खुपसली असेल तर ती वाटच बंद. मल्टिमीटरवर अर्थ आणि न्यूट्रलमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर दिसले तर वायरमनला बोलवा. आणि ५ केव्हीएपर्यंतच्या प्रत्येक यूपीएस-इन्व्हर्टरला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. मालावर ब्युरोचं चिन्ह, आयएस १६२४२ हा मानकाचा आकडा आणि आर या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो क्रमांक ब्युरोच्या बीआयएस केअर अॅपवर टाकला की खरा-खोटा लगेच कळतं. बिनक्रमांकाचा स्वस्त माल रस्त्यावर पुष्कळ मिळतो, घेऊ नका.

जुनी बॅटरी भंगारच्या गाड्यावर टाकू नका. आतलं शिसं काढायला कुणीतरी ती परसात फोडतं, आम्ल मातीत सांडतं आणि शिसं भट्टीत वितळतं. त्याचा धूर आधी त्यांच्याच पोरांच्या पोटात जातो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांचा पुनर्वापर करायची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. नवी घेताना जुनी दुकानातच द्या आणि तिचे पैसे बिलात वजा करून घ्या. त्याच बिलावर नव्या बॅटरीचा अनुक्रमांक आणि तारीखही लिहून घ्या, वॉरंटी त्या क्रमांकावरच मिळते.